कोटाला केलेला नमस्कार

३ मार्च

कोटाला नमस्कार करणारा म्हातारा तुला विनोदी वाटला, हे आधी लिहून टाकते. खुशाली नंतर, जागा उरली तर.

काल दुपारी दुकानात तो बँकेतला घामट कारकून आला. शर्ट उचलायच्या आधी त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. ‘आजी, तुमचा दुसरा भाग येतोय!’ जसं काही मीच बाळंत होणार आहे. बघितलं. दोन कुटुंबं एकाच चादरीची दोन टोकं ओढतायत, मध्ये नवरा-नवरी गुंडाळलेली, आणि वर भलीमोठी अक्षरं. बरं म्हटलं. तुझ्या पहिल्या सिनेमात माझं थोबाड साऱ्या जगाला दाखवून झालंय, आता आणखी काय दाखवतोस ते बघू.

मग तो म्हातारा आला. मुलाचा बाप, म्हणजे होणारा व्याही. तू त्याला फोटोवाला केलायस. मुलीकडच्या घरात शिरतो, खुंटीवरच्या कोटाला वाकून नमस्कार करतो, ‘बऱ्याच दिवसांनी भेट झाली, तब्येत बरी दिसते’ म्हणतो, आणि कोट उत्तर देत नाही म्हणून त्याला राग येतो. मागे सगळे खिदळतात. कारकूनही खिदळला. मी त्याचे शर्ट पुन्हा फळीवर ठेवले आणि म्हटलं, इस्त्री व्हायचीय अजून, परवा या.

लेका, तो कोट आमच्या दुकानात लटकत होता. राखाडी. त्याचा मालक अजून न्यायला आलेला नाही. आणि नमस्कार करणारा माणूस फोटोवाला नाही. चौकापलीकडे त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि तो तुझ्या भाचीचा सासरा व्हायचाय. तू नुसता धंदा बदललास. वाक्य तेच ठेवलंस, ‘तब्येत बरी दिसते’ सुद्धा.

तो दिवस मी सांगते, कारण तुला तो अर्धाच कळलाय.

दुपारची वेळ. बाहेर डोळे फोडणारं ऊन, आत अंधार. चष्मेवाले लग्नाच्या हॉलचं बोलायला आले होते. हॉलवरून आमचं आणि त्यांच्या बायकोचं वाजलेलंच होतं. त्या विहीणबाई शाळेत शिकवतात, आणि दोन्हीकडच्या माणसांना वर्गात बसवावं तसं बसवायचा त्यांचा बेत. मी म्हटलं, माझी माणसं हात वर करून पाणी मागणार नाहीत. म्हणून तह करायला बिचाऱ्या नवऱ्याला पाठवलं होतं. आले, आणि कोटाला नमस्कार केला. मी काउंटरमागून म्हटलं, ‘चष्मेवाले, कोटाशी सोयरीक करायचा विचार आहे का? मुलगी इकडे आहे आमची.’ ते हसले. मग बाकावर बसले, आणि हसण्याच्या मागून सगळं बाहेर आलं.

नजर जातेय त्यांची. कडेचं दिसतं, मधलंच जातंय. ‘माणसाकडे बघायला गेलो की चेहराच नसतो हो आजी,’ म्हणाले. ‘कान दिसतात, खांदे दिसतात. सगळेच बिनचेहऱ्याचे, मग कोट काय आणि माणूस काय.’ चिठ्ठीवरचे आकडे वाचता येत नाहीत, तर ते चिठ्ठी गिऱ्हाइकालाच देतात. ‘वाचा बघू, तुमचे डोळे तपासतोय’ म्हणतात. बायकोला माहीत नाही, पोराला माहीत नाही. पोरगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला दूरच्या शहरात मोठी नोकरी लागलीय. लग्न झालं की दोघं जाणार. कळलं तर जाणार नाही तो. बापाचा हात धरून चौकातच बसेल. म्हणून मला म्हणाले, ‘लग्न होऊन गाडीत बसेपर्यंत तेवढं पोटात ठेवा.’

मी ठेवलं. मी हे तुझ्या बहिणीलाही सांगितलं नाही, आणि ती माझ्याच खोलीत झोपते.

तर आता मला एवढंच लिही, तुला कुणी सांगितलं?

खुशाली ठीक आहे. गुडघे आहेत तिथेच आहेत.

आई


९ मार्च

‘माननीय आजीबाई, सरांनी आपलं पत्र अत्यंत आपुलकीने वाचलं.’

सर कोण? मी एक मुलगी आणि एक मुलगा काढला, सर काही काढला नव्हता. कोण आहे हा पोरगा तुझ्या पत्रांना उत्तरं देणारा? अक्षर छापील, भाषा गुळगुळीत, खाली सही त्याची. सोबत पहिल्या खेळाचे पास. ‘आपण आवर्जून यावं.’ येते ना. हार घाला मला आणि खुर्चीत बसवा, म्हणजे पडद्यावरची मी आणि खुर्चीतली मी दोघींना एकदम हसता येईल लोकांना.

पास मी फाडले नाहीत. प्रेसच्या टेबलाचा एक पाय आखूड झाला होता, त्याखाली घातले.

आणि तू सांगितलं नाहीस तरी मला कळलं. बटण. तुझी भाची, दुसरं कोण.

परवा आम्ही हॉटेलच्या चादरी घडी करत होतो. तुला आठवत असेल, एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन, ताणायचं, झटकायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं. पोरीचं तोंड माझ्या तोंडाशी आलं तेव्हा विचारलं, ‘तू मामाला सांगितलंस?’ चादर सोडली तिने. धुतलेली पांढरी चादर, जमिनीवर. तेवढं उत्तर मला पुरलं.

त्या दिवशी ती आत वाफेच्या मशीनवर होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. घाबरली. ज्या घरात जायचं त्या घरातलं गुपित आपल्याला माहीत आणि नवऱ्यालाच माहीत नाही, हे कुठे ठेवू म्हणून घाबरली. आईशी बोलता येईना, माझ्याशी बोलली तर चोरून ऐकलं हे कळेल. मग राहिला कोण? मामा. लांब राहणारा, शिकलेला, घरातल्या भांडणात नसलेला. रडत सांगितलं म्हणे तिने तुला. आणि तू काय म्हणालास? ‘मग?’

तुझं ते ‘मग?’ मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी शेजारणी यायच्या, तू कोपऱ्यात पाटी घेऊन बसायचास आणि इतकं गोड ‘मग काय झालं?’ विचारायचास की त्या बायका नवऱ्याची मारहाण सांगून मोकळ्या व्हायच्या. मला तेव्हा वाटायचं, पोर मायाळू आहे. म्हणूनच मी तुझा फोन उचलत नाही. फोनवर तू ‘मग?’ म्हणतोस आणि माणूस बोलत सुटतं. कागद काही ‘मग?’ म्हणत नाही. मला थांबायचं तिथे मी थांबते.

या दुकानात तू वाढलास. कपडे आले की आधी खिसे रिकामे करायचे, हे तुला चालता येण्याआधी येत होतं. खिशात काय काय निघतं ते मी तुला शिकवायला नको. औषधाची गोळी, दुसऱ्याच बाईचं कानातलं, न पाठवलेली चिठ्ठी. जे निघेल ते कागदाच्या पुडीत बांधायचं, पुडी कपड्यांवर टाचायची, आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे न बघता द्यायचं. ‘हे तुमचं राहिलं होतं.’ बस. ना प्रश्न, ना हसू. एकदा तू एका मास्तरच्या खिशातल्या कवितेवरून त्याला चिडवलंस तेव्हा तुझ्या बापाने तुला त्या मास्तरच्या घरी पाठवलं होतं, आणि तू दाराबाहेर इतका वेळ उभा राहिलास की शेवटी मास्तरनेच तुला आत घेऊन खाऊ दिला. तुला वाटलं, सुटलो. सुटला नाहीस. तिथेच चटक लागली तुला.

दुकान सोडून गेलास, पण धंदा तोच करतोस. फक्त पुडी बांधत नाहीस.

पहिल्या सिनेमाबद्दल मी कधी काही लिहिलं नाही. आता लिहिते. तुझ्या बहिणीच्या लग्नात आम्हाला भिंतीला लागून बसवलं होतं, आणि मी ओरडले होते, ‘आम्ही मुलीकडचे आहोत, भिंतीकडचे नाही!’ ते तू जसंच्या तसं त्या जाड्या नटीच्या तोंडी घातलंस. अजून लोक येतात दुकानात. ‘आजी, म्हणा ना एकदा.’ मी म्हणत नाही, पण ते चालेल मला. माझं तोंड, माझं बोलणं, तुला दिलं समज. न चालण्यासारखं वेगळं होतं. तुझ्या सिनेमात शेवटी दोन्हीकडचे गळ्यात गळे घालून नाचले. खऱ्यात तुझी बहीण तान्ही पोर कडेवर घेऊन परत आली तेव्हा दारात कुणी नाचत नव्हतं. ती तुझा सिनेमा बघायला गेली होती, माहितेय तुला? एकटी गेली. आली आणि म्हणाली, ‘शेवट छान केलाय त्याने.’ त्यानंतर तिने तुझं नाव घेतलेलं नाही.

ती जागा काप सिनेमातून. कोटाची. एवढंच मागते.

आणि त्या पोराला सांग, आजीबाई म्हणू नकोस म्हणून.

आई


१४ मार्च

उत्तर नाही. आता वाट बघण्यात अर्थही नाही, कारण जे व्हायचं ते झालं. विहीणबाई येऊन गेल्या.

हातात कपडे नव्हते तेव्हाच ओळखलं. दुकानात रिकाम्या हाताने येणारं माणूस भांडायलाच येतं. तुझी बहीण काउंटरवर होती, बटण प्रेसवर, मी बाकावर कॉलर घासत. त्या उभ्याच राहिल्या. वर्गावर नजर टाकतात तशी एकदा दुकानावर टाकली. मग कोटाकडे बघितलं. तो मेला कोट अजून तिथेच.

‘हाच का तो?’ म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘बसा.’

‘बसायला नाही आले. शाळेत शिक्षकांच्या खोलीत सगळ्या जणी तो तुकडा बघून हसत होत्या. मीही हसले, आजी. मला वाटलं, काय बावळट म्हातारा आहे. मग घरी आले आणि हे आतल्या खोलीत चालत होते. भिंतीला हात लावत. मला वाटायचं, सवय आहे.’

मी हातातली कॉलर खाली ठेवली.

‘काल मी दुकानात गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. ते म्हणाले, “बसा ताई. काय नंबर आहे तुमचा?”’

त्यांचा आवाज तिथे चिरला. चिरला आणि लगेच त्यांनी तो जुळवला, बाई पक्क्या आहेत. ‘इतका संसार झाला आमचा. आणि मला नंबर विचारला.’

तुझ्या बहिणीने खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मुलाला रात्री सांगितलं. त्याने नोकरीला नाही म्हणून कळवलं. आता सांगा, यांचं हे तुमच्या मुलाच्या सिनेमात कसं गेलं? हे स्वतः सांगणार नाहीत, मेले तरी सांगणार नाहीत. विचारलं तर “आजींना ठाऊक होतं” एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. या घरातून गेलंय. या घरात आधीही असंच झालंय, जगाला माहितेय. ज्या घरात पोटातलं ओठावर आणि ओठावरचं पडद्यावर जातं, त्या घरातली मुलगी मी माझ्या घरात आणायची का, ते मला ठरवायचंय. कुणी सांगितलं?’

लेका, मशीनची वाफ फुसकन सुटली आणि बंद झाली. बटण पुढे आली होती. तोंड उघडलं होतं तिने, मी बघत होते. पांढरीफटक.

मी म्हटलं, ‘मी सांगितलं.’

‘तुम्ही?’

‘पोराचा फोन आला. काय विशेष म्हणाला. मी सांगितलं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला झाकण नसतं.’

‘गंमत म्हणून?’

‘गंमत म्हणून.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. असं मला आजवर कुणी बघितलेलं नाही, आणि माझ्याकडे वाईट बघणारे कमी नाहीत. मग त्या म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं, तुम्ही फटकळ आहात. हलक्या असाल असं वाटलं नव्हतं.’ आणि मला बाहेर बोलावलं. दोन शब्द बोलल्या आणि गेल्या.

लग्न होतंय. ठरलं तसंच. हे लिहायलाच बसले होते.

बटण जेवत नाहीय. तुझी बहीण माझ्याशी बोलत नाहीय, तिला वाटतं मीच केलं. वाटू दे. तू आता एक करायचंस, गप्प बसायचंस. पेपरवाल्यांशी बोलशील, ‘माझ्या गोष्टी माझ्या घरातून येतात, माझी भाची मला’ वगैरे, तर याद राख. त्या पोरीचं नाव तुझ्या तोंडातून निघता कामा नये.

आई


१५ मार्च

कालच्या पत्रात राहिलं. बटण तुला फोन करेल. उचलू नकोस.

उचललास तर ‘मग?’ म्हणू नकोस.


२३ मार्च

तुझं पत्र आलं. या वेळी तुझ्याच हातचं, वेडंवाकडं, ‘ळ’ अजून उलटा काढतोस. म्हणून शेवटपर्यंत वाचलं.

तू लिहितोस, ती जागा कापता येत नाही, सिनेमा तयार झालाय. तू लिहितोस, ती सिनेमातली सगळ्यात प्रेमाची जागा आहे, लोक हसतात ते प्रेमाने हसतात. तू लिहितोस, चष्मेवाल्यांना माफीचं मोठं पत्र पाठवतो. आणि शेवटी विचारतोस, लग्न तर होतंय, मग एवढं काय बिघडलं?

त्या दिवशी बाहेर नेऊन विहीणबाई माझ्याशी काय बोलल्या ते मी तुला लिहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘मुलीची चूक नाही, लग्न मी मोडणार नाही. पण त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये दिसायचं नाही. नंतरही माझ्या घरी यायचं नाही.’ मी म्हटलं, बरं. फार विचार केला नाही. एवढा वेळ उभं राहायला गुडघे ऐकत नाहीतच. आणि लग्नं मी बरीच बघितलीत, सगळ्यांत एकच असतं, खुर्च्या कमी पडतात.

बटणाला मी सांगितलं, माझी तब्येत बरी नाही, मी काही येत नाही. ती मूर्ख असती तर निभावलं असतं. दोन दिवसांत तिने खरं कारण विहीणबाईंकडून नाही, होणाऱ्या नवऱ्याकडून काढून घेतलं. रात्री माझ्या उशाशी येऊन म्हणाली, ‘रविवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. मी सगळ्यांसमोर सांगणार.’ मी म्हटलं, ‘सांग आणि उपाशी परत ये.’ ती म्हणाली, ‘तुला सोडून मी लग्न करणार नाही.’ मी म्हटलं, ‘मी कुठे मेलेय? मी इथेच आहे, इस्त्री करतेय.’ ऐकत नाही. हनुवटी पुढे काढून बसलीय. ती हनुवटी माझी आहे, मला तिचा स्वभाव माहितेय. रविवारी ती बोलणार.

आणि काल चष्मेवाले आले.

बायकोला न सांगता. चौक एकट्याने ओलांडला. दारात थांबून म्हणाले, ‘आज कोट आहे का?’ मी म्हटलं, ‘आहे. बसा, तो काही बोलत नाही.’

बसले. म्हणाले, ‘आजी, मला ते दाखवा. म्हणजे सांगा. फोनवर मला दिसत नाही, बायको सांगत नाही, पोरगा रडतो. मी काय केलं ते मलाच माहीत नाही.’

मग मी बटणाचा फोन घेतला आणि बघत बघत त्यांना तो तुकडा सांगितला. म्हातारा दारातून येतो, टोपी काढतो, कोटासमोर थांबतो. हात जोडतो. ते एका जागी हसले. टोपीपाशी. ‘टोपी चांगली घातलीय,’ म्हणाले, ‘मी घालत नाही, पण घालायला हवी.’ मग विचारलं, ‘लोक हसतात तेव्हा तो काय करतो?’

मी पुन्हा बघितलं. म्हटलं, ‘काही नाही. त्याला कळतच नाही. रागावून कोटाला पाठ करतो.’

त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, ‘हे चुकलं तुमच्या मुलाचं. मला कळतं आजी. दर वेळी कळतं. हात जोडल्याबरोबर कळतं, कारण समोरून श्वास येत नाही. मग मी परत नमस्कार करतो. मुद्दाम, जरा जास्त वाकून. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याने गंमत केली. त्या दिवशीही मी दोनदा केला होता.’

आणि खरंच लेका, दोनदा केला होता. मी बघितलं होतं. दुसऱ्याला मी हसले होते. ‘तब्येत बरी दिसते’ हे ते दुसऱ्या वेळी म्हणाले होते. पोरीने मशीनमागून नुसतं ऐकलं होतं, तिला काय दिसणार, आणि तू तर फोनवर होतास. तुम्ही दोघांनी माणूस तिथेच सोडलात जिथे तो सगळ्यांत वाईट अवस्थेत होता, आणि त्याने स्वतःला कसं सावरलं ते सोडून दिलंत. तू म्हणतोस प्रेमाची जागा. त्याला बावळट ठेवून कसलं रे प्रेम?

जाताना चष्मेवाले म्हणाले, ‘तुम्ही खोटं बोललात. मला माहीत होतं आत कुणी आहे. बोलताना मशीन थांबलं होतं, मी ऐकलं. मुलगी होती ना?’

मी कोटाची बाही नीट करत राहिले.

‘तिने मनाला लावून घेऊ नये. मी तिच्या जागी असतो तर मीही कुणाला तरी सांगितलं असतं.’ मग हसले. ‘पण माझ्या बायकोला हे कळता कामा नये. मी नजर जाण्याला घाबरत नाही, तिला घाबरतो. मुलीने तोंड उघडलं तर ती जन्मभर त्या पोरीसमोर एक शब्द बोलणार नाही, आणि त्या घरात दोघींनीही गप्प राहायचं म्हणजे मला घरात कोण कुठे आहे तेच कळायचं नाही. तिला गोष्ट सांगणारा नकोय आजी, ती नेणारा हवाय. ज्याने नेलं त्याच्याशी भांडू दे तिला. तुमच्याशी भांडून तिचं समाधान झालेलं नाही. घरी येऊन भांडी आपटते. म्हणते, त्या म्हातारीने एकदा तरी उलटून बोलायला हवं होतं.’

हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बाईला माझी किंमत आहे.

दारात थांबून आणखी म्हणाले, ‘कापा म्हणू नका त्याला. पुरं कर म्हणा. दुसरा नमस्कार घाल म्हणा.’

तर आता नीट ऐक.

माफीचं पत्र पाठवू नकोस. त्यांना वाचता येणार नाही. त्यांच्या बायकोला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, तुझे ते ‘अत्यंत आपुलकी’चे शब्द, स्वयंपाकघरात उभं राहून, नवऱ्याला. तेवढं त्या बाईच्या नशिबी आणू नकोस.

यायचं. रविवारच्या आधी. शनिवारी संध्याकाळी त्या तिघांची जेवणं व्हायच्या आत चष्म्याच्या दुकानावर जायचं, मागच्या जिन्याने वर घर आहे. एकट्याने जायचं. मी सोबत येणार नाही, मला त्या घरात यायची बंदी आहे हे तुला आत्ताच सांगितलंय. तुझी बहीण दार उघडणार नाही, तिच्याकडे उतरू नकोस, बाहेर कुठे तरी राहा. तिचं मी बघते.

वर गेलास की चष्मेवाले बसलेले असतील. बोलायच्या आधी नाव सांग, म्हणजे त्यांना कळेल समोर कोण आहे. दुसऱ्या नमस्काराचं त्यांना विचार. ते तुला करून दाखवतील. बघ आणि गप्प बस.

मग विहीणबाई येतील. त्या विचारतील, ‘कुणी सांगितलं?’ त्या तेच विचारणार, त्यांना दुसरं काही विचारायचंच नाहीय. तेव्हा म्हणायचं, ‘मी नेलं.’ कुणाकडून म्हणाल्या तर म्हणायचं, ‘मी नेलं.’ आजीने सांगितलं ना म्हणाल्या तर म्हणायचं, ‘आई खोटं बोलली, मला वाचवायला.’ हे त्यांना पटेल, कारण प्रत्येक आईला हे पटतं. कसं नेलंस म्हणाल्या तर काहीतरी रच. आमच्या खऱ्या गोष्टींच्या खोट्या करण्यात तुझी हयात गेली, एक खोटी आमच्या कामाला येऊ दे. त्या तुला बोलतील. मनसोक्त बोलू दे. बोलून झालं की त्या चहा विचारतील. घ्यायचा नाही. माझ्यासाठी हॉलमध्ये जागा मागायची नाही, तेवढं मी माझं बघून घेईन.

खाली उतरलास की दुकानात येऊ नकोस, आत्ता नाही. दिवा लावून मी बाकावर बसलेली असेन, बटण मागे असेल. समोरून जा म्हणजे पोरीला कळेल की झालं, आणि रविवारी ती नुसती जेवायला जाईल.

या पत्राचं उत्तर मला नको. विहीणबाईंच्या प्रश्नाला हवं. ते उत्तर बटणाने द्यायचं नाही, मी देऊन चुकलेय, आणि आता तू द्यायचंस. उभं राहून, तुझ्या तोंडाने.

आई